ग्वाल्हेरचा राजीनामा

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी एका वर्षात देतो असं कुणी सांगितलं, की माझा हात आपोआप पर्सची चेन नीट लागली आहे ना ते बघायला जातो. तरीही मागच्या डिसेंबरात मी भुसावळहून ग्वाल्हेरची गाडी पकडली. तुमच्यापैकी कुणी असा झटपट अभ्यासक्रम करायच्या विचारात असेल, किंवा नुसतंच ग्वाल्हेर बघायचं असेल, तर हे वाचा. माझ्यावर विश्वास ठेवाच असं नाही. मी स्वतः कुणावर ठेवत नाही.

मी यावल तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका आहे. एकोणीस वर्षं लोकांना लस घ्या, पाणी उकळा, बाळाचं वजन करा हे सांगते आहे. या सांगण्याची, समजावण्याची, पटवण्याचीही पदवी असते आणि हिंदीत तिला 'जनस्वास्थ्य संवर्धन' म्हणतात. ती हातात असली तर जिल्ह्याच्या कार्यालयात बढती मिळण्याची शक्यता होती. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की शिक्षणाची रजा या वर्षी मिळेल, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. माझं वय चव्वेचाळीस. म्हणजे हीच एक संधी.

शिवाय एक घर डोक्यात होतं. आमच्या बसस्टँडमागे पाणीपुरी विकणारं एक कुटुंब राहतं, तिकडचंच, ग्वाल्हेरशेजारच्या भिंडकडचं. बाळाच्या लसीसाठी मी तीनदा गेले आणि तीनदा रामबेटी नावाच्या त्या बाईने माझ्या तोंडावर दार लावलं. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'नकार' असं तीनदा लिहिलेलं आहे. वाटलं, अशा माणसांना कसं पटवायचं ते तरी शिकून येऊ.

ग्वाल्हेरच्या अशा एका संस्थेत मी अर्ज केला होता. तिची यादी लागली, यादीत माझं नाव होतं. इथेच पहिली शंका आली. माझं नाव पहिल्या यादीत लागतं म्हणजे ती संस्था कसली असेल? आमचे हे म्हणाले, "तू प्रत्यक्ष जाऊन बघून ये बाई. नाहीतर गेलीस तरी संशय आणि नाही गेलीस तरी संशय."

प्रवासाचं थोडक्यात सांगते. डिसेंबरात जाणार असाल तर धुकं धरून चाला. आमची गाडी झाशीनंतर मुंगीच्या पावलाने सरकायला लागली आणि साडेतीन तास उशिरा पोचली. बॅग साखळीने बाकाला बांधा, कुलूप घरचं न्या, गाडीत मिळतं ते मी घेत नाही. शेजारच्या बाईंनी गजक पुढे केली. तीळ आणि गुळाची ही कुरकुरीत मिठाई तिकडे थंडीत घरोघरी असते. मी "उपास आहे" म्हणून नाकारली आणि तासाभराने त्यांच्यासमोरच माझ्या डब्यातली पोळीभाजी खाल्ली.

स्टेशनबाहेर माधवगंजला जायला ई-रिक्षा मिळतात. तीन चालकांना भाडं विचारलं, तिघांनी वीस रुपये सांगितले. तिघांचं एकमत झालेलं बघून मी चौथ्याकडे गेले, तर तोही वीसच म्हणाला. शेवटी बसले.

माधवगंजात आंबेकर काका-काकूंकडे उतरले. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीचे, दोघंच असतात, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. काका बँकेतून निवृत्त झालेले. लष्कर भागात अशी मराठी घरं बरीच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथली, आणि त्यांची मराठी ऐकायला फार गोड. काकू म्हणाल्या, "पहिले चाय घ्या, मग नहाऊन घ्या, थकून गेल्या असाल." मी चहा घेतला, पण पर्स मांडीवर ठेवूनच.

संस्थेच्या पत्रावर हिंदीत लिहिलं होतं, 'संस्थान का विलय'. आता आपल्याकडे विलय म्हणजे नाहीसं होणं. मी काकांना विचारलं, "काका, हे संस्थान विलीन झालंय म्हणतात, ते खरं का?"

काका एकदम खुलले. "अरे, ते तर कधीचं! देश आजाद झाला, मग संस्थान गेलं. आमचे आजोबा महाराजांच्या पलटणीत हवालदार होते नं. एका सकाळी सांगितलं, आता फौज दुसऱ्यांची. वर्दीची बटणं बदलली. आजी रात्रभर रडत राहिली की नोकरी गेली. आणि दुसऱ्या दिवशी आजोबा त्याच गेटवर, त्याच ड्यूटीवर!"

मला माझ्या संस्थेचं हवं होतं आणि मिळालं ते राजेरजवाड्यांचं संस्थान. मी पत्र दाखवल्यावर काका हसले. "हां, हे! हे त्या इन्स्टिट्यूटचं आहे. युनिव्हर्सिटीत मिळवून घेतलं तिला. तुम्ही टेन्शन नका घेऊ." टेन्शन घेऊ नका म्हटलं की मी हमखास घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडई खाल्ली. उडदाचं सारण भरलेली ही पुरी बटाट्याच्या तिखट रश्श्याबरोबर देतात आणि वर जिलबी. हे मात्र नक्की खा. तेल माझ्यासमोर नवं ओतलेलं बघितलं तेव्हाच मी घास घेतला. मग शिंदे की छावनीकडे निघाले. तिथल्या एका मागच्या रस्त्यावर संस्था होती, म्हणजे इमारत तरी होती. दारावर दोन पाट्या. एक जुन्या नावाची, अर्धी खरवडलेली, आणि दुसरी नव्या नावाची, रंग अजून ओला. मी दोन्हींचे फोटो काढले. आत खिडकीवर तोमर बाबू नावाचे लिपिक बसले होते, मफलर डोक्यावरून बांधलेला.

"ओरिजिनल कागज जमा कर दीजिए मैडम. कल चार बजे तक. नहीं तो सीट वेटिंग वाले को चली जाएगी."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी माझी मूळ प्रमाणपत्रं बहिणीच्याही हातात दिलेली नाहीत. मी विचारलं की पत्रावर नवं नाव आणि शिक्का जुना, असं का?

"नई मोहर बन रही है. देखिए, डायरेक्टर साहब और यूनिवर्सिटी का केस चल रहा था. पिछले महीने राजीनामा हो गया. अब सब ठीक है."

संचालकावर खटला चालू होता, त्याचा राजीनामा झाला, आणि हा माणूस म्हणतो सगळं ठीक! माझ्यामागे भिंडहून आलेली एक तरुण नर्स फाईल छातीशी धरून उभी होती. तिचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, हिलाही काहीतरी माहीत असणार.

माझं हिंदी काही फार मोठं नाही, हे मला कळतं. म्हणून संध्याकाळी काकांना मी मुद्दाम मराठीत विचारलं, म्हणजे घोटाळा नको. "काका, त्या संचालकांचा राजीनामा झाला, हे खरं?"

"हो नं, झाला. पेपरात पण आलं होतं," काका म्हणाले. "चांगलंच झालं. बहुत दिवस लटकून राहिलं होतं."

'राजीनामा दिला' असं न म्हणता ते 'झाला' म्हणाले, एवढं माझ्या कानाला खटकलं. पण इकडच्या मराठीचं वळणच वेगळं, असं समजून मी ते सोडून दिलं. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर संशय घेणारी मी, नेमका त्या एका क्रियापदावर घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी अकराला मी खिडकीसमोर उभी राहिले. निर्णय झाला होता. ज्या संस्थेचा प्रमुख खटल्यापायी नोकरी सोडून जातो, तिथे मी एक वर्ष आणि माझे कागद घालवणार नव्हते.

"तो मैडम, एडमिशन ले रही हैं?"

"नहीं. मेरी हरकत है."

तोमर बाबूंनी चष्म्यावरून बघितलं. "कौन सी हरकत?"

"बहुत बड़ी हरकत है," मी ठणकावून सांगितलं.

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाबूंनी घसा साफ केला आणि कोरा कागद पुढे सरकवला. "जो भी है, लिखकर दे दीजिए." मी लिहून दिलं, मुझे प्रवेश लेने में हरकत है, मैं अपनी जगह छोड़ती हूँ. त्यावर त्यांनी तोच जुना शिक्का मारला. जाताना त्या नर्सला मी हळूच म्हटलं, "बहन, संभलकर." ती गोंधळून "जी" म्हणाली.

मग मला फार मोकळं वाटलं, खोटं कशाला सांगू. किल्ल्यावर जाऊन आले. वर जाताना चढ आहे, गुडघे दुखत असतील तर गाडीनेच जा. वरून सगळं शहर धुक्यात दिसत नव्हतंच, पण मी फसले नाही याच आनंदात होते. उतरून दाल बाज़ारात फिरले, डाळींची पोती बघितली, दोन किलो गजक घेतली. चव घेऊन, वजनकाट्याकडे बघत.

सव्वाचारला घरी आले तर काकू खुशीत होत्या. "आज मिठाई खा. वरच्या शर्मांशी आमचं पानीच्या टंकीवरून तीन साल कोर्टात चाललं होतं नं, त्याचा आज राजीनामा झाला!"

"कोणी सोडली नोकरी?" मी विचारलं.

"नोकरी?"

"राजीनामा कोणी दिला?"

काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. "अहो, राजीनामा म्हणजे दोघं राजी झाले," काका म्हणाले. "समझौता. केस संपली. तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमच्याकडे काय म्हणतात ते मी सांगितलं. मग मी खिडकीवर काय बोलले तेही सांगितलं, तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! हरकत म्हणजे वाईट चाळा. ऐतराज म्हणायचं होतं तुम्हाला. तुम्ही तिथे सांगून आलात, मी काहीतरी कांड केलंय, आणि बहुत मोठं केलंय!"

मी धावत खाली गेले, मिळाली त्या ई-रिक्षात बसले, भाडंसुद्धा विचारलं नाही. तोमर बाबू खिडकी बंद करत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. फाईल उघडून दाखवली. भिंडच्या नर्सने दुपारी एकलाच मूळ कागद जमा केले होते.

"आपने ख़ुद लिखकर दिया था मैडम," ते हळू आवाजात म्हणाले. "मैं तो आपको रोकने वाला था, पर आपने हरकत वाली बात कही तो लगा, कोई घर की बात होगी."

त्या ओल्या पाटीखाली, पायरीवर बसून मी रडले. पदवी खरी होती, संस्था खरी होती, शिक्कासुद्धा खरा होता. बटणं बदलली होती, एवढंच.

परतीच्या गाडीत समोरच्या म्हाताऱ्यांनी पेरू कापून फोड पुढे केली. मी घेतली आणि खाल्ली. तिखटमीठ जरा जास्त होतं.

घरी आले. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि साहेबांच्या बघूचा अर्थ मला हिंदीत, मराठीत, दोन्हींत कळतो. गजक आठवडाभर पुरली. पण एक गोष्ट मला झोपू देईना. रामबेटीच्या दारात मी दरवेळी काय विचारलं होतं, ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. बच्चा इतना दुबला है, टीका भी नहीं लगाया, आपकी कुछ हरकत है क्या?

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी लसीचा डबा घेऊन मी तिच्याकडे गेले. दार साखळीपुरतंच उघडलं. आतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"आपको कोई ऐतराज़ तो नहीं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "बहनजी, उस दिन आपने मेरे घरवाले के सामने पूछा था कि मेरी क्या हरकत है. चार दिन सुनी मैंने उनकी. कि तूने ही कुछ किया होगा, तभी बच्चा सूख रहा है."

मी हात जोडले. माफ़ करो म्हटलं, आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो हेही सांगितलं. तिचा विश्वास बसला असं दिसलं नाही. तिने फटीतून हात बाहेर काढला.

"पहले सुई दिखाओ."

मी सुईचं बंद पाकीट दिलं. तिने ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, कुठे फाटलंय का बघितलं. लसीच्या बाटलीवरची तारीख मला मोठ्याने वाचायला लावली. माझं ओळखपत्र मागितलं, फोटो माझ्या तोंडाशी ताडून बघितला. माझ्याबरोबर आलेल्या आशाताई मागे उभ्या राहून वैतागल्या होत्या, पण मला जराही राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि पाकीट दोनदा तपासलं असतं.

तेवढ्यात तिने पाकीट पुन्हा एकदा उजेडात धरलं, आणि मग साखळी काढली.