आवाज काढून दाखवा

ये गं मीनल, अशी जवळ सरक. कागदावरून बोलतेय म्हणून काय लांब बसायचं? परवा फोनवर काय ते पुटपुटलीस, मला एवढंच कळलं, की तुझी गाडी सुरू होत नाही आणि तू किल्ली फिरवून धरून बसली होतीस. किती वेळ? अर्धा मिनिट? अगं, अशी धरतात होय किल्ली? आमच्या सेल्फमामांनी बघितलं असतं तर तुझ्या हातातून काढून घेतली असती आणि चहा पाजून तुला रिक्षाने घरी पाठवलं असतं.

शाहूपुरीत मामांचं एका शटरचं दुकान होतं. पाटीवर ‘सेल्फ व डायनामो दुरुस्ती’ एवढंच; सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिन उठवणारी मोटर. नाव नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही. गाडी बंद पडलेला माणूस दारात आला की मामा हातातलं काम ठेवायचे, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, “आवाज काढून दावा.” गाडी कुठली, किती जुनी, काही नाही. आधी आवाज. मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, माणूस आपल्या गाडीचा आवाज तोंडाने काढायचा.

एकदाच ‘कट्’ होऊन गप्प बसत असेल, तर सेल्फमधले कार्बनचे ठोकळे झिजले. ‘टक-टक-टक-टक’ असं घाईघाईने वाजत असेल, तर सेल्फ बरा आहे, त्याच्यापर्यंत वीज पुरी पोचत नाही. बॅटरी बघा, वायरी बघा. नुसतं ‘सुंऽऽ’ होऊन इंजिन झोपलेलंच राहत असेल, तर सेल्फचं दातेरी चाक इंजिनाला धरत नाही. हे सगळं मला त्यांच्या स्टुलावर बसून बसून पाठ झालं. शाळा माझी सातवीपर्यंतची, पण या विषयात मी पदवीधर आहे म्हण.

एकदा एक रिटायर मुख्याध्यापक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, “मी शब्दांत सांगतो.”

“शब्द ऱ्हाऊ द्या सर शाळंत. आवाज काढा.”

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि डोळे मिटून काढला, “ऊंऽऽ… ऊंऽऽ… ऊं.” तो इतका हुबेहूब निघाला की समोरची भाजीवाली ओरडली, “अवं, सरांस्नी कुनीतरी पानी द्या.” मामा मात्र गंभीर. “बॅटरी म्हातारी झाली सर. तुमचा काय दोष न्हाय.”

सेल्फ म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, “वैनी, सेल्फ म्हंजी घरातली थोरली सून. सगळ्यांच्या आदी उठती, सगळ्या घराला उठवती, आन् एकदा घर उठलं की दिवसभर तिला कोण इचारत न्हाय. ती आजारी पडली की मग कळतंय.” आणि किल्लीबद्दल सांगायचे, “उठवायचं तर हाक मारावी, गळा धरू नये. पाच आकडं मोजा, सोडा, तिला दम खाऊ द्या, मग परत.” दिवे, पंखा, एसी सगळं बंद करून मगच किल्ली. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं पीठ धरलं की गरम पाणी ओतून पुसायचं. मी चहाच्या आधणातलंच थोडं नेते. तूही ने.

त्यांच्या दोन गोष्टींचं मला नवल वाटायचं. सेल्फ तपासताना ते दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायचे आणि स्वतः सेल्फवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे, नाडी बघितल्यासारखे. आणि फोन. खिशात थरथरला की उचलायचे आणि पलीकडचा कोण, काय म्हणतोय, काही न ऐकता म्हणायचे, “फोनवर न्हाय कळत. समोर या की,” आणि ठेवून द्यायचे. लोक म्हणायचे, मामाला गर्व आहे. मीही म्हणायची.

आता माझ्या गाडीचं सांगते. तुझे काका गेल्यावर मी पन्नाशीत गाडी शिकले, ते तुला ठाऊक आहे. त्या मास्कच्या दिवसांत तुझी आई हुपरीला पाय मोडून पडली होती. घरात सगळी पैंजणांच्या कामात वाकलेली, तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी नाही. एसटी कधी सुटायची, कधी नाही. मी दर दोन दिवसांनी गाडी काढून तिच्याकडे जायची. आणि तेव्हाच गाडी सकाळी अडायला लागली. तुझा रवीदादा म्हणाला, “आई, आता एकदा जरी अडली तर विकायची. रविवारी एक जण बघायला येणार आहे, मी सांगून ठेवलंय.” त्याचंही काळजीपोटीच गं. पण गाडी गेली तर हुपरी गेली, हे त्याला कळेना.

मंगळवारी ती परत अडली. रवी कामावर गेला होता म्हणून वाचले. मी एकावर एक दोन मास्क बांधले आणि रिक्षाने शाहूपुरी गाठली. लांबूनच आवाज काढला, “टक-टक-टक-टक.”

“मास्क जरा खाली घ्या की वैनी.”

“काही नको. मला साठी झालीय, आणि तुम्हाला त्याहून जास्त.”

मामांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग जमिनीकडे. “कट् म्हणतीय व्हय? कार्बन.”

मला वाटलं, यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी मान डोलावली. दुपारी ते घरी आले. म्हणाले, “आत बसून किल्ली मारा, मी हात लावून बघतो.” मी भित्री, खिडकीतूनच हात केला, नको, तुमचं तुम्ही करा. त्यांनी सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, परत बसवला. गाडी उठली. बुधवारी मी हुपरीला जाऊन आले. आणि शुक्रवारी सकाळी, रवीच्या देखत, फाटकातच, टक-टक-टक-टक.

“बघितलंस? मामांचं वय झालं आता,” रवी म्हणाला. गल्लीतही सगळे तेच म्हणत होते. त्या दोन-तीन महिन्यांत मामांचे बरेच अंदाज चुकले होते.

शनिवारी मी तावातावाने गेले. रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले, दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढले आणि सगळी शाहूपुरी ऐकेल असं काढलं, “टक-टक-टक-टक-टक!”

मामांचा चेहरा उजळला. “अवं, ही तर अर्थिंगची वायर. मंगळवारी कट् म्हनला की तुमी.”

“मंगळवारी हेच म्हणाले होते मी.”

 मामा चिंधीने हात पुसत राहिले. मी रस्ता ओलांडला, मास्क परत वर केला आणि राग जरा शांत व्हावा म्हणून विचारलं, “चहा सांगू का?”

माझ्या डोळ्यांकडे बघून मामा म्हणाले, “व्हय व्हय, आजच करतो.”

मी मास्क खाली घेतला. “मामा, मी चहाचं विचारलं.”

ते स्टुलावर बसले. मी पण बसले. इतक्या वर्षांचं सगळं माझ्यासमोर उलगडलं: तो फोन, तो तळवा, ती तोंडाकडे लावलेली टक. गाडीचा आवाज त्यांना ऐकायचा नव्हता, बघायचा होता.

“कधीपासून?”

“आदी उजवा गेला, मग डावा. झाली की इस वर्सं.”

“आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही?”

“आपल्यात समदी वरडूनच बोलत्यात की वैनी. कुनाला कळायचं?”

मला हसू आलं, तेही हसले. मग हळूच म्हणाले, “कुठं बोलू नका. भैऱ्याकडं आवाज घिऊन कोन यील?”

त्या दुपारी मी गाडीत बसून किल्ली फिरवली. मामांनी सेल्फवर तळवा ठेवला, डोळे मिटले, मान डोलावली. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणाऱ्या वायरीचं टोक हिरवं पडून ढिलं झालं होतं. मंगळवारी काम करताना ती हलली, म्हणून दोन दिवस चालली. त्यांनी टोक घासलं, आवळलं. रविवारी तो माणूस आला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला उठली. तो खूश. म्हणाला, कधी नेऊ? मी म्हटलं, “विकायची नाही. तुम्ही चहा घेऊन जा.”

सोमवारी मी मेडिकलमधून तोंडासमोर लावायच्या सहा पारदर्शक काचा आणल्या, त्या प्लास्टिकच्या. मामांच्या खिळ्याला अडकवल्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘आवाज काढणाऱ्यांनी मास्क काढून हे घालावे. काम झाल्यावर साबणाने धुवावे.’ लोक म्हणायला लागले, मामा या वयात किती काळजी घेतात बघा. अंदाज परत बरोबर यायला लागले. मुख्याध्यापकसुद्धा काच लावून ऊंऽऽ करून गेले.

गेल्या वर्षी मामा आजऱ्याला लेकीकडे राहायला गेले. मी गाडी घेऊन भेटायला गेले, तर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. “उठती की अजून थोरली.” येताना काजू दिले पिशवीभर. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले. शाहूपुरीतल्या शटरात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. वचन दिलं होतं म्हणून रवीला मी आजवर हे सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, त्याला कारण आहे.

तुझा फोन आला की मी म्हणते ना, “नेटवर्क नाही गं”? नेटवर्क असतं, मीनल. उजव्या कानात हल्ली सगळं लांबून येतं. रवीला दोनदा भलतंच उत्तर दिलं. तो म्हणाला, आईचं लक्ष नसतं. तेच बरं. डॉक्टरांकडे जायचंय, पण तू बरोबर असलीस तर जाईन, कारण डॉक्टर काय म्हणतात ते नीट तोंड उघडून मला सांगणारं कुणीतरी हवं.

तेव्हा गाडी सुरू झाली तर गाडीने ये, नाही तर एसटीने ये, पण या महिन्यात ये. सोप्यात उजेडाला आपण समोरासमोर बसू. आधी तुझ्या गाडीचा आवाज काढून दाखव, मग बाकीचं बोलू. फोनवर नाही कळत गं मला.