तारांखालचं फडकं

पिंपरीच्या कामगार वसाहतीतून १९६४ पासून जेवढे अर्ज कंपनीच्या ऑफिसात गेले, त्यांतले निम्मे तरी भीमराज सोनकांबळे यांच्या अक्षरात आहेत. नळाला पाणी नाही, शिफ्ट बदलून मिळावी, मुलीचं नाव दाखल्यावर चुकलं, शेजाऱ्याची कोंबडी आमच्या जिन्यात अंडी घालते. विषय कुठलाही असो, अक्षर एकच. ऑफिसातल्या बाबूंचा असा समज झाला होता म्हणतात, की या वसाहतीत एकच माणूस राहतो आणि त्याला फार त्रास आहे.

भीमराज नांदेडकडचे. वडिलांनी जन्मभर अंगठा उठवला. मुलानं पहिल्यांदा त्यांचं नाव कागदावर लिहिलं, तेव्हा वाचता येत नसताना ते त्या कागदाकडे किती तरी वेळ बघत बसले होते. तेवढं बघणं भीमराजांना आयुष्यभर पुरलं. कंपनीत ते लेथवर होते, कायम रात्रपाळीला. उठले की चार वाजता जिन्यात स्टूल टाकून बसायचे आणि येईल त्याचा अर्ज लिहायचे. मोबदला एक कप चहा. नियम मात्र कडक. कागदावर खाडाखोड चालणार नाही; झालीच तर शेजारी सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. लोकांना ते हे नेहमी बजावायचे. स्वतःवर तशी सही करायची वेळ आली नव्हती.

समोरच्या बिल्डिंगीत फारूक शिकलगार राहायचा. कंपनीत विजेच्या मोटारींना तारा गुंडाळायचं, म्हणजे वायंडिंगचं, काम करायचा. १९६९ साली त्यानं पुण्याच्या कॅम्पातल्या एका गोवेकर बँडवाल्याकडून जुनी गिटार आणली, वायंडिंगच्या, केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी करून ती विजेवर चालवली आणि मोडक्या रेडिओचा अँप्लिफायर केला. शॉर्टवेव्हवर कुठली तरी परदेशी स्टेशनं लावून ऐकलेलं तो जसंच्या तसं बोटांत उतरवायचा. याला रॉक म्हणतात, असं तो सांगे. वसाहतीनं त्याला ‘फारूकचं वर्कशॉप’ म्हटलं.

फारूक दुसऱ्या पाळीला. म्हणजे सकाळ मोकळी. दहाच्या सुमाराला तो वाजवायला बसे. आता ज्यांनी कारखान्याच्या वसाहतीत दिवस काढलेले नाहीत त्यांना सांगायला हवं, की सकाळी दहा ही आमच्याकडे गाढ झोपेची वेळ. रात्रपाळीवाल्यांच्या खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. बायका भांडी वाळूत ठेवल्यासारखी ठेवायच्या. भाजीवाला आमच्या चार नंबरच्या गल्लीत शिरला की ओरडणं सोडून नुसता दारासमोर उभा राहायचा. या शांततेत फारूकची गिटार म्हणजे काय, याची कल्पना करावी.

१९७१ च्या जूनमध्ये उद्धवराव जिन्यात आले. हे मूळचे मोशीचे, आवाजानं मोठे.

“भीमराज, ह्या फारूक्याच्या तुणतुण्यानं डोळ्याला डोळा न्हाई राव. काल मशीनवर डुलकी लागली. बोट जायचं व्हतं. लिही अर्ज.”

भीमराजांचीही महिनाभर झोप झाली नव्हती. त्यांनी अर्ज लिहिला, आणि त्यांच्या कारकिर्दीतला तो बहुधा सर्वांत उत्तम अर्ज होता. ‘सदर इसमाच्या कर्णकर्कश वादनामुळे कष्टकऱ्यांच्या विश्रांतीचा विध्वंस होत असून’ हे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं. खाली अठरा सह्या झाल्या. पहिली उद्धवरावांची. भीमराजांनी सही केली नाही. लिहिणाऱ्यानं करायची नसते, असं ते म्हणाले. तसा नियम कुठंही नाही.

ऑफिसनं समासात लाल शाईनं ‘संबंधितांनी खुलासा करावा’ असं लिहून तोच कागद फारूककडे पाठवला. फारूकला मराठी बोलता यायचं, लिहायला जमत नसे. त्यामुळं चौथ्या दिवशी, गुरुवारच्या सुट्टीत, तो कागद घेऊन तो जिथं सगळे जातात तिथं आला. स्टुलासमोर पायरीवर बसला आणि अर्ज भीमराजांच्या मांडीवर ठेवला.

“भाऊ, याला जवाब द्यायचाय.”

भीमराज स्वतःचं अक्षर वाचत राहिले.

“अक्षर बघितलं का?” फारूक म्हणाला. “मोती आहेत मोती. ज्यानं लिहिलं त्याला सलाम.”

हा टोमणा होता की खरी वाखाणणी, हे भीमराजांना पुढं दहा वर्षं ठरवता आलं नाही. त्या वेळी त्यांनी फक्त विचारलं, “काय लिहू?”

“लिहा की अँप्लिफायर लावणार नाही. झोपमोड झाली, माफी असावी. बस्स.”

भीमराजांनी लिहायला घेतलं. मान खाली होती, त्यामुळं लेखणी जास्तच चालली. माणसाला लाज वाटायला लागली की तो एक तर गप्प बसतो किंवा शैलीदार लिहितो. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं: ‘यापुढे वसाहतीच्या हद्दीत मी तारांखाली फडकं घालूनच वाजवीन, जेणेकरून शेजारच्या पाळण्यातलं मूलही जागं होणार नाही.’

“फडक्याचं मी बोललो नव्हतो,” फारूक म्हणाला.

“लिहिलं की वजन येतं. ऑफिसला असं काही तरी लागतं.”

फारूकनं कागद आपल्याकडे ओढला. “लिहून दिलं म्हणजे दिलं,” असं म्हणून सही केली, चहा सांगितला आणि दोन्ही कागद घेऊन गेला.

ऑफिसनं दोन्ही कागदांवर ‘निकाली’ असं लिहून ते फारूकला परत पाठवले. प्रकरण मिटलं. गल्ली झोपू लागली. भीमराजांना वाटलं होतं, महिन्याभरात फारूक फडकं विसरेल. पण पुढच्या वर्षी वसाहतीच्या मैदानावर गणपतीत ऑर्केस्ट्रा होता. स्पीकरची रीतसर परवानगी, समोर दोन हजार माणूस. फारूक स्टेजवर आला, खिशातून कंपनीतलं पिवळं फडकं काढलं, घडी केली आणि तारांखाली सरकवली. मैदान वसाहतीच्या हद्दीत होतं.

गिटारीतून जो आवाज आला तो दबलेला, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. ऐकायला लोक पुढं सरकले. दोन हजार माणसं गप्प बसली. त्या दिवसापासून फारूकची ही शैली झाली. दुसऱ्या ऑर्केस्ट्रांतली पोरंही फडकी घेऊन फिरायला लागली. उद्धवराव तर पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याला सांगायचे, “आता फडकं घालतोय बघ. आता रडवतो बघ भावा.”

“अर्ज आठवतो का?” भीमराजांनी त्यांना एकदा विचारलं.

“कसला अर्ज?”

उद्धवराव खोटं बोलत नव्हते. विसरण्याची देणगी काहींना जन्मतःच असते. भीमराजांना ती नव्हती. दर गणपतीत पिवळं फडकं दिसलं की ते पाण्याला जातो म्हणून उठायचे. बायको कस्तुरा म्हणायची, “एकदा सांगून टाका त्याला.” ते म्हणायचे, “बघू.” फारूक रस्त्यात भेटला की हात वर करायचा, “काय भाऊ, अक्षर कसं आहे?” ते “बरं आहे” म्हणून सायकल पुढं काढायचे. त्याचा कार्यक्रम त्यांनी बाहेरगावी जाऊन कधी ऐकला नाही. मैदानावरचंच सोसत नव्हतं.

१९८१ च्या जानेवारीत फारूक काविळीनं गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. उद्धवरावांनी चाहत्यांचं मंडळ आठवड्यात उभं केलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि शोकसभा गुरुवारी ठरवली, कारण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. ठराव फारूकच्या बायकोला, कनीजला, द्यायचा होता.

“ठराव तूच लिवायचा. तुझ्याच अक्षरात.”

“टाइप करून घेऊ,” भीमराज म्हणाले. “बरं दिसतं.”

“गिटारवाला मेलाय, कंपनीचा चेअरमन न्हाई. टाइप कशाला?”

अक्षर. कनीजच्या घरात तो अर्ज असणार आणि तो खुलासाही. तिसरा कागद त्यांच्याशेजारी ठेवला की झालं. भीमराजांनी डाव्या हातानं लिहून बघितलं. ते दुसऱ्याचं अक्षर वाटलं नाही, भीमराज आजारी असल्यासारखं वाटलं. शेवटी उजव्याच हातानं लिहिलं. मजकूर उद्धवरावांनी सांगितला: ‘तारांखाली फडकं घालून त्यांनी जी मृदू शैली निर्माण केली, ती या नगरीला विसरता येणार नाही.’ भीमराजांनी ते सुद्धा सुवाच्य लिहिलं.

सभेला मैदान भरलं. अर्ज करणाऱ्या अठरांपैकी अकरा जण स्टेजवर होते. प्रत्येकानं फडक्याबद्दल सांगितलं. मग चाकणहून साहेबराव नावाचे गृहस्थ आले होते, ते उठले. त्यांचं गॅरेज होतं.

“तुमी फडकं फडकं काय म्हणताय ते मला ठाऊक न्हाई,” ते म्हणाले. “आमच्याकडं जत्रंला दर वर्साला यायचे. फडकंबिडकं काय न्हाई. पत्रं हालायचं शेडचं. म्हातारी माणसं कानावर हात ठिवून हसायची. वाजवून झालं की घामानं वलंचिंब. म्हणायचे, साहेबराव, इथं आलं की जीव मोकळा व्हतो.”

सभेत जराशी कुजबुज झाली. उद्धवराव शेजाऱ्याला म्हणाले, “दुसरा कुणी असंल.” मग दोन मिनिटं शांतता पाळली. वसाहतीला ती जमायची.

भीमराजांच्या हातात ठराव देऊन त्यांना कनीजकडे पाठवलं. ती पहिल्या रांगेत बायकांत बसली होती. तिनं कागद घेतला आणि सावकाश वाचला. मराठी चौथीपर्यंत झाली होती तिची.

“भीमराजभाऊ,” ती हळू म्हणाली, “तीन कागद झाले तुमच्या हातचे आमच्या घरात.”

भीमराज तिच्यासमोर खाली बसले.

“त्याला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग माझ्याकडेच का आला लिहायला?”

“मी पण विचारलं. म्हणाले, दुसरं चांगलं अक्षर कुणाचं आहे इथं?” तिनं बोट कागदावर ठेवलं. “बाकी राहू द्या. ही फडक्याची ओळ त्यांची नाही. तुमची आहे. तेव्हाही तुमचीच होती.”

भीमराजांनी खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर घेतला आणि मृदू शैलीच्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली. पहिलीच होती, सरळ आली नाही.

स्टेजवरून उद्धवराव खाली आले. “आरं, ठरावावर खाडाखोड? येडा झाला का? आन् सही कुणाची घ्यायची आता तिथं? माझी का मंडळाची?”

“ज्याची चूक त्याची,” भीमराज म्हणाले, आणि रेघेच्या शेजारी त्यांनी पूर्ण नावानं सही केली. मग दहा वर्षांपूर्वीची, खुलाशाच्या दिवसाची तारीख टाकली. कनीजनं शाई वाळेपर्यंत कागद तसाच उघडा धरला आणि मग घडी घातली.