बारवेजवळचा हिरवा खण

मोईनभाई गेल्याची खबर आली तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या रंगाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी डब्याच्या भावावरून भांडत होतो. त्यांचा मुलगा पायरीवर येऊन म्हणाला, ‘‘शेठ, अब्बा गुजर गए.’’ गिऱ्हाइकाने तो डबा शेवटी कोणत्या भावात नेला, आठवत नाही...

मोईनभाईंचे वडील निजामाच्या काळात उर्दू पाट्या रंगवायचे. पोलीस ॲक्शननंतर पाट्या मराठी होऊ लागल्या, तेव्हा पोरसवदा मोईनभाईंनी देवनागरी अशी घटवली की शाळामास्तर पाटीसमोर थांबून बघत. त्यांना त्याचा गर्व होता. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकायचेच. मी हातगाडीवर चुना विकून वर आलेला माणूस. माझं अक्षर पाहून ते म्हणत, ‘‘शेठ, नाम लिखे कि मच्छरां मारे?’’

नारूच्या मोहिमेत गावोगावच्या भिंती रंगवायचं काम मी भांडून मिळवलं. पाण्यातून पोटात जाऊन पायातून दोऱ्यासारख्या बाहेर पडणाऱ्या किड्याचा तो रोग. पाणी गाळून प्या, एवढंच सांगायचं होतं. सोयगावकडच्या एका गावात बारवेजवळच्या भिंतीवर मोईनभाईंनी मोठं गाडगं काढलं, तोंडाला पांढरंशुभ्र फडकं बांधलेलं. पांढरं म्हणजे स्वच्छ, असा आमचा दोघांचा हिशेब. पुन्हा गेलो तर चित्रावर शेण फासलेलं.

माझं डोकं फिरलं. ‘‘कुणाचं काम हे?’’ म्हणून ओरडलो. कमरेवर घागर घेतलेली धुरपदाबाई पुढे आली.

‘‘म्या केलं. पाणी भरायच्या जागंवर अस्थीचं गाडगं काढता व्हय? माझी सून नारूनं अंथरुणाला खिळलीया, अन् तुम्ही तिची तयारीच करून ठिवली!’’

मी तोंड उघडणार, तोच मोईनभाईंनी माझा दंड धरला. ‘‘शेठ, चुप.’’ मग म्हातारीला विचारलं, ‘‘मावशी, कोणतं कापड काढू?’’

ती घुटमळली. ‘‘सुनंच्या ओटीत हिरवा खण आलाय. त्यो काढ.’’

तिने खण आणून समोर धरला. मोईनभाईंनी भर उन्हात तो लाल काठासकट उतरवला.

‘‘काठ बारीक झाला,’’ म्हातारी म्हणाली.

‘‘मावशी, माझ्या अब्बानंबी एवढ्या चुका काढल्या नाय.’’

पण काठ पुन्हा रंगवला. पुढच्या खेपेला तिच्या माठावर दुहेरी खण बांधलेला होता, आणि पाय लांब करून उंबऱ्याशी बसलेली सून त्यातून पाणी गाळत होती. त्यानंतर मोईनभाई कुठल्याही गावात ब्रश बुडवण्याआधी बायकांना कापड विचारायचे.

नारू गेला. सरकारी कचेरीत त्या भिंतीचा फोटो लागला, खाली चित्रकाराचं नाव नाही. मी साहेबाच्या टेबलावर हात आपटून आलो. पण खरा राग मोईनभाईंवर. शहरभर नाव टाकणाऱ्या माणसाने तिथेच टाकलं नव्हतं! विचारलं तर म्हणाले, ‘‘ओटीच्या खणावर कुणी नाव घालतं का, शेठ?’’ मला हे कधीच पटलं नाही. अजूनही पटत नाही.

त्यांचा चाळिसावा झाला आणि मी काळ्या रंगाचा डबा घेऊन त्या गावी गेलो. घरोघरी नळ आलेत, बारवेवर कुणी जात नाही. खण मात्र हिरवागार. धुरपदाबाईची सून, आता तीच म्हातारी, दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात फिरवते.

‘‘काय लिवता, भाऊ?’’

‘‘त्यांचं नाव.’’

‘‘लिवा. आमाला ठावं हाय, पोरींना कळंल.’’

गाडग्याच्या खाली, खणाला धक्का न लावता लिहिलं. ‘मोईन’ वर चढला, ‘पेंटर’ खाली घसरला. मागे सरकून पाहिलं आणि त्या मच्छरांची आठवण झाली...

पुसलं नाही. पुसायचं तर त्यांनी यावं.