'वीट' नावाचं लोणचं

स्वयंपाकघरात लोणच्याची नवी बरणी दिसली. तिच्यावर ठळक अक्षरांत नाव होतं, 'वीट'. खाण्याआधीच वीट! मी हसत हसत ब्लॉगवर अशा विचित्र नावांची थट्टा लिहून टाकली. इतक्या प्रतिक्रिया मला कधीच आल्या नव्हत्या.

आज बायकोने रिकामी बरणी भिजत घातली, तेव्हा किमतीचा स्टिकर सुटून आला. त्याखाली 'अ' होता. अवीट.

"अरे, लिहिण्याआधी नीट बघायचं तरी," ती म्हणाली. "बोटं चाटून खात होतास की!"

माझी कानशिलं तापली. विनोद सापडला की माझे डोळे पुढचं बघायचं सोडून देतात आणि त्यालाच मी निरीक्षण म्हणत आलो.

लगेच ब्लॉगवर दुरुस्ती लिहिली. माझा लेख वाचून एका दुकानदाराने या बरण्या परत पाठवल्याचं मला कळवलं होतं. त्यालाही फोन करून चूक सांगितली आणि विचारलं, "पुन्हा मागवाल ना?"

"नाव मला माहीत होतं हो," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या बरण्यांवर 'अ' स्वच्छ दिसत होता. पण तुमचं वाचल्यापासून गिऱ्हाईक वीटच वाचतं."