लाईनीतली चप्पल

वहीताई चाळीत शिरली की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी इथे नाहीच असं समजा." आता चाळीतल्या निम्म्या पुरुषांपेक्षा उंच बाई, खांद्याला शबनम, काखेत जाडजूड वही, कानामागे पेन्सिल. कोण कसं समजणार?

पीएच.डी. करत होती. विषय विचारला की म्हणायची, "लोक आपसात पाणी कसं वाटून घेतात ते." त्यासाठी तिला मिळाली मुलुंडच्या डोंगराखालची, माझ्या मावशीच्या चाळीमागची विहीर. मे महिन्यात नळाला नुसती हवा, आणि विहिरीत पाणी पाझरणार ते हंड्या-हंड्यानं. तिच्या सरांनी बजावलं होतं, पावसाच्या आत विहिरीचे नियम आणा, नाहीतर विषय बदला.

मी कणकवलीहून कॉलेजसाठी मावशीकडे आलेलो. अभ्यासात यथातथा, नकलांमध्ये एक नंबर. वहीताई माझी फेव्हरिट. "काकी, हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून?" कुणी काही सांगितलं की हे ती प्रत्येकीला विचारायची. प्रत्येकीचं उत्तर एकच, "आमच्यात भांडणं नाहीत हो!" हे सांगताना शेलारवहिनींच्या हातात राणेकाकींची कळशी असायची, फेकायच्या तयारीत.

ताई यायची सकाळी, पाणी भरायच्या वेळी. त्यामुळे दुपारची लाईन तिनं कधी बघितलीच नव्हती. दुपारी बायका घरात आणि दुसऱ्या सकाळच्या नंबरासाठी त्यांच्या वस्तू लाईनीत. अर्धी वीट म्हणजे राणेकाकी, गंजका डबा म्हणजे शेलारवहिनी, करवंटी म्हणजे आमची मावशी. एकदा ताई दुपारीच आली. तिला वाटलं, केवढा हा कचरा! बिचारीनं सगळं उचलून उकिरड्यावर टाकलं, वर जागा झाडून काढली.

"ताई, वाट लागली!" मी ओरडलो. "राणेकाकींना उकिरड्यावर टाकलंत!"

बायका धावत आल्या. "उद्यापासून चाळीत पाय ठेवायचा नाही!" राणेकाकी कडाडल्या. ताई पांढरीफटक. "गेला माझा विषय," एवढंच पुटपुटली.

मला दया आली. शिवाय एवढं पब्लिक परत कधी मिळणार? मी वीट आणून ठेवली आणि राणेकाकींचा आवाज काढला, "माझो नंबर पयलो, मी हयसर सगळ्यांत जुनी!"

"मेल्या, जुनी म्हणून नाय!" राणेकाकी अंगावर आल्या. "सासू अंथरुणावर आहे म्हणून दिलाय मला पहिला नंबर!"

मी डबा ठेवला, शेलारवहिनी झालो. "माझ्याकडे पाव्हणे आलेत, मला दोन हंडे!"

"पाव्हण्यांना जास्तीचा हंडा नसतो!" मावशी ओरडली. "घरात बाळंतीण असली तरच!"

मग काय, मी एकेकीचा आवाज काढायचा आणि तिनं खवळून मला दुरुस्त करायचं. महिनाभर अडलेले नियम दहा मिनिटांत बाहेर. ताई डोळे पुसत लिहीत होती. पेन्सिल मोडली तेव्हा माझ्या खिशातलं बॉलपेन ओढलं. मधेच चाचरत म्हणाली, "काकी, हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून?"

राणेकाकीच आधी फुटल्या, पोट धरून हसल्या.

मावशीनं ताईच्या पायातली एक चप्पल काढून लाईनीच्या शेवटी ठेवली. "सगळ्यांचं बघतेस ना? आता लाईनीत राहून बघ." ताई घरी गेली ती मावशीच्या दोन नंबर लहान स्लिपरा फटफटवत. पाऊस पडेपर्यंत तिनं रोज एक हंडा भरला आणि राणेकाकींच्या सासूच्या उशाशी नेऊन ठेवला.

प्रबंध झाला, नोकरी लागली, ताई लांब कुठेतरी गेली. पुढच्या मे महिन्यात चाळीत नवीन आलेल्या एका बाईनं लाईनीतली चप्पल उचलली. "ही कुणाची गं? टाकू?"

मावशी तव्यावरची भाकरी सोडून बाहेर आली.

"ठेव ती खाली. आमच्या वहीताईची आहे. ती इथेच आहे असं समज."