निघालो म्हणून कळव

सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला नदीचा उतार लागतो. पाणी चढू लागलं, की कुणीतरी त्याच्या कडेला काडी रोवतं. काडी बुडाली तर पाणी वाढतंय, कोरडी राहिली तर निवांत बसायचं. आईचा त्या काडीवर फार भरवसा.

दादाचं मन मात्र वरच्या तलावात. सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या धरणावर तो दरवाजांच्या कामाला होता. तलावात किती पाणी येतंय, किती जागा उरलीय, किती सोडायचं, हेच त्याचं पावसाळ्यातलं बोलणं. हसून म्हणायचा, "लवकर सोडलं तर शेतकरी विचारतात, का सोडलं? उशिरा सोडलं तर तुम्ही सांगलीकर विचारता, आधी का नाही सोडलं?"

त्या वर्षी वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मिरजेहून त्यांना नुकतंच घरी आणलं होतं. कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. सांगलीत ऊन पडलं होतं. काडी सकाळपासून कोरडी होती. तेवढ्यात दादाचा फोन आला. तिकडे पाऊस थांबत नव्हता, दरवाजे आणखी उचलायचं ठरलं होतं.

"बाबांना आजच मिरजेला मावशीकडे हलवा. उद्या रस्ता राहणार नाही."

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "आरं, मागच्या साली बी पळालो, आन् पाणी कोपऱ्यावरनं माघारी गेलं. गल्ली अजून हसती, धरणवाल्याची आई पळाली म्हणून. काडी कोरडी हाय रं."

"मी आज सोडतोय ते उद्या येणार, आई. काडीला ते कसं कळंल?"

"मग सांग तुज्या धरणाला, घरात म्हातारं माणूस पडून हाय!"

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. दादा म्हणाला, "दरवाजा मला उचलावाच लागणार, आई. तुम्ही निघालात एवढं कळू दे. म्हणजे माझा हात चालेल."

आई खाटेच्या कडेला बसली. वडिलांचं पांघरूण उगीच सारखं करत राहिली. मग उठून शेजाऱ्यांना हाक दिली, "आवं, खाट उचलाय या. आन् तुमचं बी आवरा." टेम्पो हलल्यावर मला म्हणाली, "त्याला निघालो म्हणून कळव. वाट बघत आसंल."

दुसऱ्या दिवशी पाणी आमच्या खिडकीला लागलं. वडील मावशीच्या माडीवर कोरड्या अंथरुणात होते. पुढे ते काठी घेऊन हिंडले, नातीचं लग्न पाहिलं आणि मग शांतपणे गेले. ती वर्षं आम्हाला दादाने दिली असं मी मानते.

या उन्हाळ्यात दादाही गेला.

परवा, आधी त्याच्या हाताखाली असलेल्या आणि आता त्याच्या जागी आलेल्या माणसाने आपण होऊन मला फोनवर निरोप पाठवला, विसर्ग वाढवतोय. आई काडी बघायला गेली नाही. तिने गाठोडं बांधलं. टेम्पोत बसल्यावर म्हणाली, "त्या माणसाला निघालो म्हणून कळव."

"आई, त्याचं कुणी इथं राहत नाही."

"नसंना. दरवाजा त्यो बी उचलतोय न्हवं?"

मी कळवलं. मिरज येईपर्यंत उत्तर आलं. 'बरं झालं, ताई. दादा दरवाजाला हात लावायच्या आधी रोज विचारायचे, खालची माणसं निघाली का.'

आईने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.