मेमरीमामांचा वानोळा

मंजुळाबाई भोये, राहणार सुरगाण्यापलीकडचा एक पाडा, यांच्यावर गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अन्याय झाला. नाशिकमध्ये, आमच्या संघटनेच्या कार्यालयात, खिडकीजवळच्या टेबलावर. कोणी केला ते सांगणार आहे, टाळणार नाही. पण तो अन्याय आहे हे मला एका माणसामुळे कळलं. आधी त्याच्याबद्दल.

मेमरीमामा नावाशिवाय कोणाला गाणं देत नसत. गिऱ्हाइकाच्या नव्हे, गाणाऱ्याच्या नावाशिवाय. जुन्या सीबीएस स्टँडमागे त्यांचा कपाटाएवढा गाळा होता. बाहेर पाटी: 'मेमरी कार्ड भरून मिळेल.' पेठ-सुरगाण्याच्या गाड्या सुटायच्या आधी लोक तिथं फोनचं झाकण उघडून नखाएवढं कार्ड मामांच्या तळहातावर ठेवत. सिनेमाची गाणी, हळदीची गाणी, भजनं, जे मागाल ते. आणि न मागता एक जास्तीचं. त्याला मामा वानोळा म्हणत. मखमलाबादकडच्या मळेवाल्यांचं घर त्यांचं. मळ्यातली पहिली वांगी, पहिली मेथी शेजारीपाजारी नेऊन द्यायची सवय त्यांनी गाळ्यातही सोडली नव्हती.

लोक भांडायला परत येत.

"मामा, हे काय टाकलं? कोण बाई रडतीय?"

"रडत नाय. चिखलात वाकून भात लावतीय. तू वाकून गाऊन दाखव बरं."

"मला नको ते."

"मग पुस. पण नाव वाचून पुस."

बहुतेक लोक पुसायचे नाहीत. कंटाळ्याने म्हणा, लाजेने म्हणा.

मी त्या गल्लीत पहिल्यांदा गेले ती पत्रकं वाटायला. कॉलेजात होते, आवाज मोठा होता. मामांनी पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं (असं करणारा मला भेटलेला तो पहिलाच माणूस) आणि विचारलं, "खाली नाव कुठंय?"

"संघटनेचं आहे ना."

"संघटना काय शाईनं हात भरवती का? लिहिलं कोणी?"

"मी."

"मग टाक की नाव. एवढ्या शिव्या दिल्या, त्या कोणाच्या समजायच्या?"

तेव्हापासून मी पत्रकवाली. "काय पत्रकवाले, आज कोणाचा धिक्कार?" अशी गल्लीच्या तोंडापासून हाक.

रविवारी गाळा बंद ठेवून मामा एसटीने गाणी आणायला जात. सोबत एक जुना फोन आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला घालायला लोकरीचा पायमोजा. मालेगावला एका यंत्रमागवाल्याचं गाणं घेताना बिचारा मागाचं बटण बंद करायला उठला, तर मामा ओरडले, "माग चालू ठेवा, तबलजी कोण देणार मग मला?" ओझरच्या कारखान्यातला एक जण सुट्टीत गिटारवर स्वतःची गाणी करायचा. त्याने काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं. मामा म्हणाले, "हे पाटीवरचं झालं. आई काय हाक मारती?" तो लाजून म्हणाला, "बाळू." ते रेकॉर्डिंग 'बाळू' या शब्दानेच सुरू होतं, आणि पुढचं गाणं त्यामुळे किती वेगळं लागतं, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही.

कारण मामांचा नियम होता: गाणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडाने नाव-गाव सांगायचं, मग गायचं. मंजुळाबाईंचे असे नऊ सेकंद होते. "मी मंजुळा भोये. आईनं शिकवलेलं म्हणतेय. शेळी वरडली तर माफ करा." तेवढ्यात शेळी ओरडतेच. ती ओरडत असतानाच मंजुळाबाई हसतात, श्वास घेतात आणि गाणं उचलतात. मामांना ते इतकं आवडलं की एका अख्ख्या उन्हाळ्यात भरलेल्या प्रत्येक कार्डात वानोळा म्हणून मंजुळाबाईच गेल्या.

पुढे लोक कार्डं भरेनासे झाले. मग मी मामांना फुकट डाउनलोडचं एक पान करून द्यायला घेतलं. वरची ओळ त्यांची: 'गाणी फुकट न्या. नाव वाटेत टाकू नका.'

आता अन्याय. जंगलजमिनीच्या मोर्चासाठी मला छोटा व्हिडिओ करायचा होता. घाई होती. मंजुळाबाईंचं गाणं घेतलं. सुरुवातीचं बोलणं मधे येत होतं, म्हणून ते मी कापलं. नीट कापता आलं नाही. शेळीचं अर्धं ओरडणं राहिलं. वेगळी प्रत करायची सोडून त्याच फाइलवर सेव्ह दाबलं आणि तीच फाइल पानावर चढवली. नावाच्या रकान्यात लिहिलं, 'पारंपरिक'.

होय, मीच. हक्कांची पत्रकं लिहिणारी.

मामांनी ते गाळ्यात बसून ऐकलं. अर्ध्या शेळीपाशी थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं. मी म्हणाले, "मामा, खाली लिहिलंय ना, पारंपरिक."

"इतके पाडे हिंडलो, पत्रकवाले," ते म्हणाले, "पारंपरिक नावाची बाई मला अजून कुठं भेटली नाय."

मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी फक्त फोन पायमोज्यात घातला आणि खिशात ठेवला. मी म्हणाले, मोर्चा झाला की दुरुस्त करते. मूळ गाणं त्यांच्या कॉम्प्युटरवर होतंच.

मोर्चा झाला. दुसरा आला. चैत्रात मामा झोपेतच गेले. त्यांच्या भाच्याने गाळा रिकामा केला, कॉम्प्युटर आणि तो जुना फोन भंगारात गेला. त्याची चूक नाही, त्यात काय आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी मी होते.

दरम्यान एका शहरी बँडने आमच्या पानावरून ते गाणं घेतलं, खाली ढोल भरले आणि स्वतःच्या नावावर सोडलं. कंसात 'पारंपरिक'. माझाच शब्द. सुरुवातीची अर्धी शेळी त्यांनी ठेवली. ऐकणारे तिचं कौतुक करतात, काय मातीतला आवाज आहे म्हणून. आता ती मला कुठेही गाठते. शालिमार चौकात रिक्षात, हळदीच्या मांडवात, शेजारच्या बाईच्या फोनवर. आधी अर्धी शेळी, मग एक श्वास. त्या श्वासाआधी कोणीतरी हसलं होतं, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत असतं.

गेल्या महिन्यात मंजुळाबाईंची लेक कार्यालयात आली. आई जाऊन तीन वर्षं झालेली. कोणाच्या तरी लग्नात तिने आईचा आवाज ओळखला होता. मी तयारीत होते. बँडला नोटीस पाठवू, निषेध करू, नाव लावायला भाग पाडू, असं बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते कराच, ताई. पण गाणं मलाबी येतंय. आई बोलती ते द्या."

माझ्याकडे नव्हतं. मी तसं तिला सांगितलं, आणि का नव्हतं तेही सांगितलं. शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून ती उठली.

म्हणून हे लिहिते आहे, आणि खाली नाव टाकूनच वाटते आहे. बँडशी मी भांडेन, ते माझं काम. तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. सीबीएसमागे तुम्ही कधी कार्ड भरून घेतलं असेल, तर ते आजही कुठेतरी आहे. बटणांच्या जुन्या फोनमध्ये, शिवणाच्या डब्यात, देवघराच्या खणात. शोधा. मामा फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत टाकत. लहान पडद्यावर पूर्ण मावत नाहीत, नुसतं 'MANJUL' एवढंच दिसेल. लावा. एक बाई नाव सांगेल, शेळीबद्दल माफी मागेल, हसेल.

पुसू नका. कापू नका. ते कार्ड तसंच आमच्या नाशिकच्या कार्यालयात घेऊन या. तिच्या लेकीला तिच्या आईचे नऊ सेकंद परत द्या.

— मामांची पत्रकवाली